राज्य ठकूवर

दुपारचे चार वाजले की बाबरबाई हातातलं काम टाकून अंगणात उतरायच्या. वय वर्षं त्रेपन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि तरी अडतीस पोरांशी लपंडाव खेळायची हौस दांडगी. अंगण काचेमागचं होतं म्हणून गुडघ्यांचं निभावत होतं. पाटीवर बोट फिरवलं की जांभळ्या पातळातलं त्यांचं चित्र चिंचेखालून धावत सुटायचं, आणि धरणाच्या फुगवट्याकाठच्या एकवीस वाड्यांतली पोरं आपापल्या घरी बसून कुणी दगडामागं, कुणी गोठ्यामागं लपायची.

त्यातली ठकू झोरे कुठे लपणार हे बाईंना पाठ होतं. ती आधी रांजणामागं जाणार, बाई जवळ आल्या की डावीकडून निसटणार, गोठ्याला वळसा घालून पाठीमागून येणार आणि धप्पा देणार. सगळं ठाऊक असूनही बाई रोज धप्पा खायच्या. बाकीच्या सदतीस पोरांवर त्यांची माया होती, ठकूवर जीव होता. शिक्षकानं असा भेद करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ठकूला पाहिलेलं नसतं.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिटल्या त्याला तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. फुगवट्यापलीकडे एखाद्या वाडीत दोन पोरं, एखादीत एक. तिथं शाळा कोण चालवणार? सरकारनं प्रत्येक पोराच्या हातात उन्हावर चार्ज होणारी एक पाटी दिली, आणि एकवीस वाड्यांना मिळून एक शिक्षिका दिली. म्हणजे हेमलता बाबर. पाटीवरच्या सरकारी धड्यांकडे पोरं ढुंकून बघेनात, तेव्हा बाईंनी दोन उन्हाळे घालवून, स्वतः शिकत शिकत 'अंगण' लिहिलं. प्रोग्रॅमिंगची बाराखडीच म्हणा. 'चाल', 'वळ', 'जर', 'तर', 'पुन्हा' असे ठोकळे एकाखाली एक लावायचे, की पडद्यावरचं चित्र तसं वागायला लागतं. दुसरीतलं पोरसुद्धा पंधरा मिनिटांत बकरी चालवायला शिकायचं.

ठकूनं बकरी चालवली, तिच्यामागं लांडगा लावला, लांडग्याला हुलकावणी देणारं कुत्रं केलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एकदा बाई लाँचनं तिच्या वाडीवर गेल्या तेव्हा तिनं पाटी पुढे केली.

"बाई, बकरी बी मीच आन् लांडगा बी मीच. ह्यात दुसरं कुनी येत न्हाय का?"

"कोण यायला हवं तुला?"

"कुनी बी." ठकूनं खांदे उडवले. "आमच्या वाडीवं मी येकलीच हाय न्हवं."

बाई घरी परतल्या त्या हेच डोक्यात घेऊन. वाडीवर एकटं पोर असणं म्हणजे काय असतं, याचा त्यांनी तोवर विचारच केला नव्हता, आणि याची त्यांना लाज वाटली.

आता अनेकांनी मिळून एक खेळ खेळायचा तर खरं काय ते ठरवणारं एक यंत्र लागतं. बकरी कुठे पोचली, लांडग्यानं तिला गाठलं की नाही, याचा निवाडा एकाच जागी झाला पाहिजे. नाहीतर प्रत्येकाच्या पाटीवर वेगळाच खेळ चालायचा. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. बड्या कंपन्यांचे सर्व्हर दूर कुठेतरी थंडगार इमारतींत असतात, आणि फुगवट्यापलीकडून तिथवर पोचायचं तर मध्ये डोंगर आडवे. बाईंनी मग पोरांकडेच बघितलं. पोरं खेळायला जमली की आधी चकतात. हात उताणे-पालथे टाकायचे, एकेक जण सुटत जातो, आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. बाईंनी पाट्यांनाच चकायला शिकवलं. वाडीवाडीवरच्या रेडिओच्या खांबांवरून पाट्या एकमेकींशी बोलायच्या, निमिषात चकायच्या, आणि जिच्यावर राज्य येईल ती त्या खेळापुरती सर्व्हर व्हायची. ती बंद पडली की बाकीच्या पुन्हा चकायच्या. पोरांना यातलं अक्षर कळायची गरज नव्हती. आपण केलेल्या खेळावर 'सगळे' नावाचा एक ठोकळा ठेवायचा, की तो खेळ सगळ्यांचा झाला.

पहिल्या दिवशी चार वाजता अंगणात अडतीसच्या अडतीस पोरं आली. खेळ कुणी खेळेना. सगळी नुसती एकमेकांभोवती उड्या मारत राहिली. बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, आणि काच स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसतच राहिल्या.

अंगणाच्या कडेला अडतीस दिवे होते, पोरागणिक एक. पाटी चालू असेल तर दिवा हिरवा, बंद असेल तर विझलेला. हीच हजेरी. बाईंचा नेम असा, की सलग दोन दिवस दिवा विझलेला दिसला की तिसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचनं त्या वाडीवर जायचं. कुणी तापानं फणफणलेलं असायचं, कुणाची पाटी म्हशीनं तुडवलेली असायची. ठकू दहा वर्षांची असताना तिचा दिवा असाच विझला. बाई गेल्या तर तिचा बाप, बिरू झोरे, तिला कराडला आपल्या बहिणीकडे धाडायच्या तयारीत. बहिणीची सून कामाला जाणारी, घरात तान्हं मूल, सांभाळायला कुणीतरी हवं होतं. बाई उंबऱ्यातच बसल्या. कोरा चहा प्याल्या, बिरूचं सगळं ऐकून घेतलं, आपलं सगळं त्याला ऐकवलं. दुपार कलली तेव्हा बिरू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मंग. तुमी काय उठायच्या न्हाय."

लाँचपर्यंत सोडायला ठकू आली. बाई तिला म्हणाल्या, "पुन्हा असं काही ठरायला लागलं तर मला निरोप लिहू नको. निरोप तुझ्या आबाच्या मोबाइलवरही जातो. नुसती पाटी बंद करून ठेव."

"मंग?"

"दिवा विझेल. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात."

ठकूनं मान हलवली आणि लाँच वळेपर्यंत ती काठावर उभी राहिली.

अंगणाचं सगळं छान चाललं होतं, फक्त नेटवर्कचा काही नेम नव्हता. ऐन धावपळीत एखाद्या खांबाची बॅटरी उतरायची आणि एखादं पोर जागच्या जागी दगडासारखं उभं राहायचं. मग भांडणं, रुसवेफुगवे. यावर जुना उपाय आहे, आणि जगातले सगळे असले खेळ तो वापरतात. खेळणाऱ्याची खबर आली नाही तर यंत्र अंदाज बांधतं. डावीकडे धावत होता ना, मग अजून डावीकडेच धावत असेल. अर्ध्या सेकंदापुरता हा अंदाज पुरतो. बाईंना तो दहा मिनिटं पुरायला हवा होता. शिकणारे छोटे प्रोग्रॅम तेव्हा स्वस्तातल्या पाटीवरही मावायला लागले होते, त्यातला एक त्यांनी कामाला लावला. कोणतं पोर कुठे लपतं, कधी घाबरतं, कुणाला सांभाळून घेतं, हे तो महिनाभर बघायचा आणि त्या पोराची सावली तयार करायचा. प्रत्येक सावलीची प्रत प्रत्येक पाटीत. पोराची खबर थांबली की सावली पुढे यायची, पोर परतलं की बाजूला व्हायची. सावली राज्यसुद्धा घ्यायची. खेळ म्हणून थांबेना.

पण दिवे विझायचेच. खांब पडला की त्या अंगाच्या वाड्यांचे दिवे दोन-दोन दिवस विझलेले, आणि बाई नेमानं लाँचमध्ये. एका महिन्यात अशा नऊ खेपा फुकट गेल्या. लाँच चालवणारा इनूस मुलाणी म्हणाला, "बाई, पोरगं घरात भाकरी खातंय आन् तुमी मातर पान्यात."

बाईंना हसूही आलं आणि वैतागही आला. त्याच आठवड्यात त्यांनी एक ओळ बदलली. दिवा तोवर पाटीला बांधलेला होता, तो त्यांनी खेळाला बांधला. पोर अंगणात खेळताना दिसत असेल तर दिवा हिरवा. सावलीही अंगणातच खेळते हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण सावली म्हणजे दहा मिनिटांची सोय, असं त्यांच्या मनानं धरलेलं होतं. तिनं कधी थांबायचं हे त्यांनी कुठे लिहिलंच नव्हतं. स्वयंपाक रोजचाच, म्हणून मीठ घातलं की नाही हे न बघता ताट वाढावं, तसं झालं.

त्यानंतर एकही दिवा विझला नाही. शंभर टक्के हजेरीबद्दल बाईंना तालुक्याला बोलावून शाल दिली. हजेरी इतकी चोख असताना रोजच्या लाँचची गरज काय, असं कुणीतरी कागदावर लिहिलं, आणि लाँच फक्त सोमवारची झाली. बाईंनी त्यालाही मान डोलावली.

कार्तिकातल्या एका सोमवारी एका खांबाची बॅटरी बदलून बाई पलीकडच्या धक्क्यावर परतीच्या लाँचची वाट बघत बसल्या होत्या. चार वाजले तशी त्यांनी पाटी काढली. रांजण, डावीकडून निसटणं, गोठ्याला वळसा, धप्पा. बाई खुशीत होत्या. इतक्यात बिरू झोरे दुधाच्या किटल्या घेऊन धक्क्यावर आला.

"या बिरूदादा. तुमच्या ठकूनं आत्ताच धप्पा दिला मला. फार द्वाड झालीय."

बिरूनं किटल्या खाली ठेवल्या. "कुठं भेटली तुमास्नी? कराडला गेला हुता?"

"कराडला कशाला जाऊ?"

"न्हाय, ठकी तर चैतापासनं तितंच हाय न्हवं. अक्काकडं. जत्रा झाली आन् धाडली."

पाटीवर ठकूचं चित्र बाईंच्या चित्राभोवती उड्या मारत होतं. जिंकली की ती अशीच तीन उड्या मारायची.

"तिची पाटी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"घरातच हाय, फळीवं. बंद पडलीया कवाच." बिरूला बाईंचा चेहरा बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मला वाटलं तुमास्नी ठावं आसंल. गेल्या खेपंला तुमी आला, बसला, मी ऐकलं का न्हाय? ह्या खेपंला आला न्हाय. म्हनलं, बाईंची बी संमती हाय."

बाईंनी बोटांवर महिने मोजले. चैत्र ते कार्तिक, सात महिने. सात महिन्यांत ठकूनं एकही नवा खेळ केला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. वय आडनिडं आहे, पोरीचं मन दुसरीकडे लागलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. चार वाजता ती खेळायला यायची ना, मग झालं तर. आता त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्या कराडला गेल्या. बिरूनं दिलेल्या पत्त्यावर तिसरा मजला होता. दार उघडलं ते ठकूनं. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं गुटगुटीत पोर, अंगात कुणाचातरी सैल गाऊन. ती वीतभर उंच झाली होती.

"बाई," ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

घरात दुसरं कुणी नव्हतं. सगळे कामावर. सतरंजीवर खेळणी पसरलेली, गॅसवर खिमटी शिजत असलेली. ठकूनं एका हातानं पेला पुढे केला, दुसऱ्या हातानं पोराला सावरलं. तिला ते फार सराईतपणे जमत होतं, आणि बाईंना ते बघवेना.

"दिवा इझवला हुता मी," ठकू म्हणाली.

"काय?"

"पाटी बंद क्येली हुती. तुमी म्हनला हुता तशी. आबाचं आन् आत्याचं फोनवं ठरलं त्याच दिशी." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. झालेलं सांगावं तसं ती सांगत होती. "दोन दिस ठिवली. तिसऱ्या दिशी लाँच आली तवा खाली पळत गेले. इनूसकाका येकलाच हुता. म्हनलं बाईंस्नी काम आसंल. मंग पोटात दुखतंय म्हनून अजून दोन दिस काढलं. आबा बी थांबला. पाचव्या दिशी निगालो."

बाईंनी तोंडाला पदर लावला. त्या पाच दिवसांत त्या घरीच होत्या. रोज चार वाजता ठकूबरोबर लपंडाव खेळत होत्या.

"दिवा विझलाच नाही, ठकू," त्या कशाबशा म्हणाल्या. "माझ्या हातानं चूक झाली." आणि त्यांनी तिला सावलीचं सगळं सांगितलं. त्या बदललेल्या ओळीचंही सांगितलं. ठकूनं मध्ये एकदाही तोडलं नाही. पोराच्या मुठीतून आपले केस सोडवत ती ऐकत राहिली. खेळ करणारी पोर ती, तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजी मी बंद क्येली तरी मी हुतेच."

"हो."

"आन् तुमी तिच्यासंगं खेळत हुता. रोज."

"हो."

"वळखू आलं न्हाय तुमास्नी?"

सबंध रस्ताभर बाई याच प्रश्नाला भीत आल्या होत्या. "नाही गं," त्या म्हणाल्या. "नाही आलं."

ठकूनं मान हलवली. ती रडली असती, रागावली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं. ती उठून खिमटी ढवळून आली.

"चल परत," बाई म्हणाल्या. "आबाशी मी बोलते. आत्या येईपर्यंत इथेच थांबते, तिच्याशी बोलते. तू फक्त येते म्हण." ठकू पोराला थोपटत राहिली, तशी बाईंनी पिशवीतून आपली पाटी काढली. चार वाजायला आले होते, आणि बाईंच्या पाटीत मोबाइलचं सिम असल्यानं अंगण इथूनही लागायचं. "आण इकडे बाळाला. तू जरा खेळ. पोरं आहेत सगळी. बघ तरी."

ठकूनं पोराला बाईंच्या मांडीवर दिलं, हात गाउनला पुसले आणि अंगठा टेकवला. अंगणात तिचं चित्र उभं राहिलं. पाट्या चकल्या आणि राज्य ठकूवर आलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुनं हललं. बाईंच्या जीवात जीव आला.

ठकूनं बोट उजवीकडे ओढलं. चित्र दोन पावलं उजवीकडे गेलं आणि झटका खाल्ल्यासारखं मागे येऊन डावीकडे चालायला लागलं. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"ही ऐकत न्हाय."

बाईंना उमगलं. धाकटी भावंडं पाटी हिसकून घ्यायची आणि मोठ्याचा खेळ बिघडवायची, म्हणून त्यांनीच एक पहारा बसवला होता. परतलेल्या बोटांची चाल सावलीच्या चालीशी जुळली तरच सावली बाजूला होणार. जुळली नाही तर हे पोर ते नव्हे, असं धरून त्याची प्रत्येक हालचाल चूक म्हणून पुसून टाकणार. सात महिने पाटीला हात न लावलेली ठकू ठकूसारखी खेळत नव्हती. तिची बोटं जड झाली होती, ती थबकत होती, विचार करत होती. आणि निवाडा नेहमी राज्य असलेल्याचा. राज्य ठकूवर होतं, म्हणजे सावलीवर. खरी ठकू कोण ते सावलीच ठरवत होती.

"थांब, मी काढून टाकते तिला," बाई म्हणाल्या. पण ज्याच्यावर राज्य आहे त्याला खेळ संपेपर्यंत काढता येत नव्हतं. राज्य टाकून पळायचं नाही, हा पोरांचा कायदा त्यांनी जसाच्या तसा लिहून ठेवला होता. "पाऊण तास थांब. खेळ संपला की लगेच काढते."

ठकूनं बोट उचललं. पडद्यावरची ठकू आता मोकळी सुटली. एकाला दगडामागून काढलं, दुसरीला गोठ्यातून. मग ती चिंचेकडे वळली. चिंचेमागून जांभळ्या पातळाचा काठ दिसत होता.

"बाई, ह्या तुमीच न्हवं?"

बाईंनी वाकून बघितलं. त्यांची पाटी ठकूच्या हातात होती, म्हणजे चार वाजता त्या अंगणात आलेल्या नव्हत्या. प्रोग्रॅमच्या लेखी त्याही एक खेळगडीच, म्हणून त्यांची सावली आली होती. ठकूनं आपल्याला पहिलं पकडावं म्हणून काठ दिसेल असं मुद्दाम लपायची बाईंची खोड होती. सावली ती खोडसुद्धा शिकली होती. बाईंचा लाडही तिनं उचलला होता.

पडद्यावरच्या ठकूनं बाईंना पकडलं आणि तीन उड्या मारल्या. जांभळं पातळ तिच्याभोवती गोल फिरलं. सतरंजीवर बसलेल्या दोघी ते बघत राहिल्या.

"लई चपळ हाय ही," ठकू म्हणाली. "मला आता येवडं जमायचं न्हाय, बाई. मला तर 'पुन्हा'चा ठोकळा कुटं आसतो त्ये बी आठवंना."

"आठवेल. पंधरा दिवसांत सगळं आठवेल. मी आहे ना."

पोर बाईंच्या मांडीवर रडायला लागलं. ठकूनं त्याला उचललं आणि ते लगेच थांबलं. "ह्यो माझ्याबिगर झोपत न्हाय," ती म्हणाली. "आधी मला लई राग यायचा ह्याचा. आता न्हाय येत." तिनं पाटी बाईंच्या हातात परत दिली. "तिथं तुमी हाय, मी बी हाय. चाललंय की बरं. आसू द्या तिला. मी न्हाय येत."

बाई आत्या येईपर्यंत बसल्या, बोलल्या. आत्या वाईट बाई नव्हती. पोरगी खुशीनं राहिली आहे, तिलाच विचारा, म्हणाली. विचारलं तर ठकू मान खाली घालून हो म्हणाली. जिना उतरता उतरता बाईंनी शिक्षण खात्यातल्या साहेबांना फोन लावला आणि सगळं न लपवता सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ठकू झोरे तुमच्याच सहीनं सात महिने हजर आहे. हजर मुलीला मी परत कशी आणू? आणि तुम्ही म्हणता तसं असेल, तर बाकीच्या सदतीसांचं काय, तेही सांगा."

एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून बाईंनी पाटी उघडली. चार-पाच ओळींचं काम होतं. आज अंगणातल्या कितीजणांना खरी बोटं चालवत होती, एवढंच विचारायचं होतं. कालपासून हे विचारायचं त्यांनी टाळलं होतं. उत्तर आलं सात.

कोण कुठे गेलं असेल? कुणाचं लग्न लावलं असेल, कुणी भट्टीवर असेल, कुणी नुसतंच कंटाळून रानात गेलं असेल, आणि कुणी पाटी बंद करून तीन दिवस धक्क्यावर बघत बसलं असेल. एकतीस घरं. अंगणात अंधारेपर्यंत एकामागून एक डाव चालायचे; चालू डाव संपताच त्यांनी सगळ्या सावल्या एकदम बंद केल्या.

अंगण रिकामं झालं. चिंच, रांजण, गोठा आणि मध्ये इकडेतिकडे उभी सात पोरं. ती हलेनात. मग त्यातली एक, सगळ्यांत लांबच्या वाडीवरची सात वर्षांची जनाई कोकरे, रांजणामागं जाऊन बघून आली, गोठ्यामागं बघून आली. शाळा संपवून गेलेल्या एका मोठ्या पोराच्या जागी ती याच जूनमध्ये अंगणात आलेली. तिच्या मैत्रिणी बहुतेक सगळ्या सावल्याच होत्या. थोड्या वेळानं बाईंच्या पाटीवर निरोप उमटला.

'बाई सगळी कुठ गेली'

बाईंनी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मी येते तुझ्याकडे.'

उत्तर लगेच आलं. जनाई वाटच बघत असणार.

'कधी'

मंगळवार होता, आणि लाँच आता सोमवारीच सुटायची.